ड्रममधलं डाळिंब

संपादकांचं पत्र आलं, यंदाच्या अंकाचा विषय ‘ऊन’. उन्हातलं झाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डाळिंब येतं आणि त्यामागोमाग सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव ही नावं. लिहायचं तर तिकडे जाणं आलंच, आणि गेलोही. पण सुरुवात केली ती सुरतेतल्या बमरोलीपासून. सांगोल्यात डाळिंब का येतं हे सांगोल्यात उमगत नाही, कारण तिथे ते येतंच. जिथे ते येऊ नये तिथे लोक हट्टानं लावतात, झाड जगतं, फुलतं, फळ मात्र हुलकावणी देतं. अशा ठिकाणी या झाडाला नेमकं काय हवंय आणि काय नकोय ते उघडं पडतं.

बमरोलीत ऊन भरपूर आहे. प्रश्न उन्हाचा नाहीच, हे समजायला थोडा वेळ लागतो.

भुसावळच्या रुळांवरून आलेली माणसं

उधना जंक्शनवरून एक रूळ मुंबईकडे जातो आणि एक पूर्वेला वळतो. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. या दुसऱ्या रुळानं खानदेश सुरतेत आला. उधना, लिंबायत, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात दुकानांच्या पाट्या गुजरातीत असल्या तरी गल्लीत कानावर अहिराणी पडते. श्रावणात कानबाई बसते, आखाजीला झोके बांधले जातात, गणपतीत पत्री शोधत फिरावं लागतं. बमरोली एके काळचं गाव, आता महापालिकेत. एका बाजूला पांडेसरा जीआयडीसीतल्या रंगाईच्या मिलांची धुराडी, दुसऱ्या बाजूला लूमची खाती. खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. कारीगर ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, खानदेशाचे. कापड निघतं ते पॉलिएस्टरचं, बिनरंगी. त्याला इथे ‘ग्रे’ म्हणतात.

या गल्ल्यांत जमीन नाही. ओट्याच्या कडेला, जिन्याखाली, अगाशीवर प्लास्टिकचे निळे ड्रम अर्धे कापून ठेवलेले असतात आणि त्यात तुळस, कढीपत्ता, अळू. बऱ्याच घरी एक डाळिंबही असतं. त्यामागे कारणं आहेत. गणपतीच्या एकवीस पत्रींत डाळिंबाचं पान लागतं आणि बाजारात त्या नावाखाली काहीही विकतात. फळाची वाळवलेली साल पोरांच्या जुलाबावर घरात असावी असं म्हाताऱ्या बायका मानतात. शिवाय गावाकडून येताना कुणाच्या तरी शेतातून एक रोप पिशवीत घालून आणणं सोपं असतं. आंब्याचं कलम अगाशीवर मावत नाही, डाळिंब मावतं.

साक्री तालुक्यातून चाळीसेक वर्षांपूर्वी आलेल्या एका आजींच्या ओट्यावरचं झाड पुरुषभर उंच होतं. पानं गर्द, चकचकीत. टोकाटोकाला शेंदरी फुलं. खाली मातीवर गळलेल्या फुलांचा सडा. एका फांदीला लहान मुलाची जुनी चप्पल टांगलेली, दृष्ट लागू नये म्हणून. आजी म्हणाल्या, “झाड तं बेस शे, पन फय टिकत नई.” पाणी किती घालता, असं विचारल्यावर त्यांना प्रश्नच पटला नाही. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. “माणूसले तहान लागस, मंग झाडले नई लागाव का?”

फुलं गळतात त्यात दृष्टीचा भाग नाही. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, देठाशी निमुळतं, ते नर. त्याला फळ धरतच नाही, चार दिवसांनी ते गळणारच. दुसरं बुडाशी फुगीर, कलशासारखं, फळ त्यालाच. आजींच्या झाडावर बहुतेक फुलं पहिल्या तऱ्हेची होती. कोवळी फूट जोरात चालली, नत्र आणि पाणी भरमसाट मिळालं की झाड पानांच्या मागे लागतं आणि नर फुलांचा भरणा होतो. दोन वेळच्या बादलीनं झाड सुखात होतं. त्याला फळ धरायची गरजच वाटत नव्हती.

त्याच गल्लीत वरच्या अगाशीवर एका आबांचं झाड होतं. आबा मूळचे बागलाणातले, लूमवर जॉबर म्हणून उभी हयात गेली, आता निवृत्त. झाड आजींच्या झाडाच्या निम्म्या उंचीचं, दिसायला काहीसं कंगाल, पण त्यावर कापडी पिशव्यांत बांधलेली फळं होती. आबांच्या थोरल्या भावाची गावाकडे बाग होती आणि सुट्टीत तिथे राबण्यातून त्यांना एक गोष्ट ठाऊक होती: डाळिंबाला उपाशी ठेवावं लागतं, ताण द्यावा लागतो. मी लूमच्या ताण्याची उपमा सुचवून पाहिली. आबा हसले. “ते तुम्ही लिहा. लूम लूम आहे, झाड झाड आहे.”

दख्खनमध्ये हिवाळा कसा करतात

डाळिंबाचं मूळ घर इराणपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचं. हिमाचल-जम्मूच्या डोंगरउतारांवर आंबट रानटी डाळिंब अजून आपोआप उगवतं आणि त्याचे दाणे वाळवून अनारदाणा होतो. कंदाहार असो की इराणातलं सावे, तिथे उन्हाळा भाजून काढणारा आणि हिवाळा कडक. थंडी आली की झाड पानं टाकतं, निजतं, वसंतात जागं होऊन एकदम फुलतं. एकदम फुलल्यामुळे फळही एकदम तयार होतं.

महाराष्ट्रात अशी थंडी नाही. इथे झाड वर्षभर हिरवं राहतं आणि बारा महिने थोडी थोडी फुलं काढत बसतं. चार फुलं जानेवारीत, सहा मेमध्ये, दहा सप्टेंबरात. शेतकऱ्याला हे परवडत नाही, कारण फवारणी, खत, तोडणी, व्यापारी सगळंच एकदम हवं. म्हणून तो पाणी तोडून हिवाळा घडवतो. याला ताण देणं म्हणतात. ठिबक बंद. हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभरात, भारी जमिनीत त्याहून जास्त दिवसांनी पानं पिवळी पडतात, गळू लागतात. उरलेली पानं उतरवायला इथ्रेल फवारतात, हलकी छाटणी करतात, आळ्यात शेणखत आणि रासायनिक खत भरतात आणि मग पहिलं पाणी सोडतात. त्या पाण्यानंतर साधारण महिनाभरात अख्खी बाग एका वेळी फुलते. हाच बहार धरणं.

बहार तीन. जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार, पावसाच्या तोंडाशी मृग, आणि पावसाळा सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. कोणता धरायचा हे विहिरीतलं पाणी, बाजारभाव आणि रोगाची भीती यांवर ठरतं. झाड तिन्ही वेळा फुलायला तयार असतं, एवढा त्याचा स्वभाव आपल्याला सोयीचा आहे.

सांगोला तालुक्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, जमिनी हलक्या, उताराच्या, माळाच्या. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली आणि ज्या माळावर बाजरी धड येत नव्हती तिथे डाळिंब उभं राहिलं. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबाच्या पैशांतून बंगले झाले. या भागात पाऊस कमी पडतो हे रडगाणं पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. डाळिंबानं त्याच उणिवेचं भांडवल केलं, कारण ज्या गावात आभाळच पाणी तोडून ठेवतं तिथे ताण देणं सोपं असतं.

वाणांची गोष्ट पुण्यात सुरू होते. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली गणेशखिंडच्या बागेत आळंदी नावाच्या जुन्या वाणाच्या रोपांतून एक निवड केली. मऊ बियांचं, गोड. पुढे ते ‘गणेश’ म्हणून घरोघरी गेलं. त्याचा दाणा फिकट गुलाबी, म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्याचा गुल-ए-शाह रेड या लाल वाणाशी संकर झाला. त्या संकराच्या वंशातून मृदुला, आरक्ता आणि भगवा आले. भगव्यानं बाजार जिंकला. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना ही सगळी त्याचीच नावं. एका झाडाला इतकी नावं पडली की समजावं, रोपवाटिकावाल्यांचं बरं चाललंय.

साड्यांखालची बाग

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. या चार तालुक्यांना मिळून कसमादे म्हणतात. उन्हाळ्यात त्या पट्ट्यातून गेलात तर काही शेतांत एक विचित्र दृश्य दिसतं. ओळीच्या ओळी रंगीत कापडाखाली झाकलेल्या. जांभळं, पोपटी, तपकिरी, मध्येच जरीचा काठ. जवळ गेल्यावर कळतं, साड्या आहेत.

ऊन झाडाला सोसतं, फळाला सोसत नाही. पान लहान, जाडसर, मेणचट, ते तगतं. फळ वजनानं फांदी खाली ओढतं, पानांच्या सावलीतून बाहेर येतं आणि दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट त्याच्या गालावर बसतं. अशा फळाच्या सालीचं तापमान हवेपेक्षा बरंच वर जातं. आधी पिवळट डाग, मग तपकिरी चट्टा, आणि आत त्या बाजूचे दाणे पांढुरके, बेचव. व्यापारी असं फळ बाजूला काढतो. पूर्वी फळांवर कागद बांधत, काहीजण बाभळीच्या फांद्या टाकत. आता तयार पांढरं क्रॉप कव्हर मिळतं, पण त्याला पैसे पडतात. म्हणून वापरलेल्या साड्या गठ्ठ्यानं, वजनावर विकत घ्यायच्या, शिवून लांब पट्टे करायचे आणि ओळींवर तारेच्या आधारानं पसरायचे.

सुती साडी यात कामाची नाही. ती दवानं भिजते, जड होते, कुजते. लागते ती सिंथेटिक, हलकी, वारा आरपार जाऊ देणारी, रोजच्या नेसण्यातली स्वस्त साडी. देशात अशा साडीचं सगळ्यात मोठं गाव सुरत. देवळ्याजवळच्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, या कुठल्या? तो म्हणाला, “नेसलेल्या बाईला ठाऊक. आम्ही गठ्ठा घेतो.” काठावर कारखान्याचा शिक्का कधीच धुऊन गेलेला होता. पण बमरोलीच्या लूमवर विणलेलं आणि पांडेसऱ्यात रंगलेलं कापड मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या घरी नेसून झाल्यावर कसमाद्यातल्या डाळिंबावर पडत असणार, यात नवल काहीच नाही. एक-दोन उन्हाळे ते टिकतं. मग उन्हानं विरतं आणि हाताला लागताच फाटतं.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते नवीन नव्हतं. त्यांच्या अगाशीवरही एप्रिलपासून पश्चिमेच्या बाजूला एक साडी ताणलेली असते. घरातलीच.

काळी माती, मचूळ पाणी

सुरतेला वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, सांगोल्याच्या दुपटीहून जास्त, आणि तोही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोंबून. माती तापीच्या गाळाची, काळी, चिकण. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि डाळिंबाची मुळं गुदमरतात. बुंध्याशी पाणी साचून राहिलं की मर रोगाची बुरशी वाट पाहतच असते. झाडाची एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, आणि बघता बघता उभं झाड वाळतं. सुरतेतल्या बंगल्यांच्या आवारात जमिनीत लावलेली डाळिंबं दोन-तीन पावसाळ्यांत जातात ती बहुधा अशीच, आणि मालक म्हणतो, उन्हानं गेलं.

जमिनीत लावायचंच असेल तर फूट-दीड फूट उंच गादीवाफा हवा, मातीत मुरूम किंवा भरड वाळू हवी आणि बुंध्यापासून उतार हवा. आळं करून त्यात नळी सोडून देणं ही आपली सवय डाळिंबाजवळ चालत नाही.

ड्रम या बाबतीत जमिनीपेक्षा सरस आहे. त्यातलं पाणी माणसाच्या ताब्यात असतं. सांगोल्याचा शेतकरी महिनाभरात जो ताण देतो तो अर्ध्या ड्रममध्ये दोन-तीन आठवड्यांत बसतो, आणि अवकाळी पाऊस आला तर ड्रम छपराखाली ओढता येतो. चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम, बुडाला आठ-दहा भोकं, त्यावर विटांचे तुकडे, मग माती, मुरूम आणि शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. मात्र बमरोलीत एक खबरदारी घ्यावी लागते. इथले स्वस्त निळे ड्रम मिलांतून येतात. त्यांत आधी काय होतं ते विचारून घ्या. रंगाईची रसायनं किंवा कॉस्टिक ठेवलेला ड्रम कितीही धुतला तरी खाण्याच्या झाडाला वापरू नये. ज्याच्या आतल्या बाजूला रंग बसलाय किंवा वास येतोय तो घेऊच नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून घरोघरी आरओ मशीन. मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी फेकणं जिवावर येतं, ते झाडांना जातं. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. डाळिंब क्षार बऱ्यापैकी सोसतं, आंब्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून त्या पाण्यावर कढीपत्ता करपला तरी डाळिंब उभं राहतं. पण ड्रममध्ये क्षार साठत जातात. मातीवर पांढरा थर आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या दिसल्या की समजायचं. आबा पावसाळ्यात ड्रम उघड्यावर ठेवतात आणि दोन-चार जोरदार सरींत माती धुऊन निघू देतात. भोकं मोकळी असली की पावसाळ्याचा हा एक उपयोग होतो. पाणी धुऊन पुन्हा वापरण्यात बमरोलीचं नाव तसं मोठं आहे. शहराचं सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या मिलांना पुरवणारा, रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा महापालिकेचा प्रकल्प २०१४ पासून बमरोलीतच चालतो.

मिलांच्या बॉयलरची राखही इथल्या झाडांवर बसते. अगाशीवरून बोट फिरवलं तर काळं होतं. आठवड्यातून एकदा पहाटे पानं धुतली तर झाड मोकळं होतं, कोळी कीडही कमी राहते. फुलं असताना मात्र फवारा मारू नये.

सोसायटीची कात्री

बमरोलीच्या आसपास आता उंच इमारतींच्या सोसायट्या आल्या आहेत आणि त्यांच्या आवारात बागा. बाग आखणाऱ्यांना डाळिंब आवडू लागलंय. उन्हात टिकतं, दिसायला छान, काटे असल्यानं कुंपणालाही चालतं, आणि फुलांचा तो रंग दुसऱ्या कशाला नाही. फळ न देणारी, कार्नेशनसारख्या दाट पाकळ्यांची गुलनार डाळिंबं आणि वीतभर फांद्यांची बुटकी डाळिंबं केवळ शोभेसाठी मिळतात.

पण बहुतेक ठिकाणी ती लॉनच्या कडेला लावतात. लॉनला रोज स्प्रिंकलर. डाळिंबाला नको असलेल्या दोन गोष्टी, पायाशी सततची ओल आणि पानांवर शिंतोडे, रोज ठरल्या वेळी मिळतात. वर माळी येतो आणि मोठ्या कात्रीनं झुडपाचा गोल चेंडू करतो. डाळिंबाची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात. दर महिन्याला टोकं छाटलेल्या झाडाला फुलं कुठून येणार? एका सोसायटीत डाळिंबांची रांग पाहिली, सगळी हिरवीगार, गोल आणि वांझ. माळ्याची यात चूक नाही. त्याला मेंदी आणि डाळिंब सारख्याच मजुरीत छाटायला सांगितलंय.

डाळिंब मुळात झुडूप आहे, बुंध्यातून सतत फुटवे काढणारं. आपले शेतकरी तीन-चार खोडं ठेवतात आणि बाकीचे फुटवे वेळोवेळी काढतात. एका खोडाला भुंग्यानं पोखरलं तरी बाकीची उरतात. बागेतही हेच करावं. आतल्या गर्दीतल्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, ऊन आत शिरू द्यावं आणि बाहेरचा आकार झाडावर सोडावा.

शेतात येण्याआधी डाळिंब बागेतलंच झाड होतं. बाबरानं आपल्या आठवणींत जलालाबादजवळच्या बाग-ए-वफाचं वर्णन केलंय. त्यात हौदाभोवती संत्र्याची आणि डाळिंबाची झाडं आहेत. इराणी बागांत ते पाण्याच्या पाटाकडेला लावलेलं दिसतं. स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटापर्यंत नेलं आणि तिथे आजही घरांच्या अंगणात ते आहे. या सगळ्या ठिकाणी हवा कोरडी. सुरतेची हवा खारी, दमट. उन्हाळी गाव म्हणून एकच यादी करून झाडं लावणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

पिशवीतून आलेला पाहुणा

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या डाळिंबावर तेल्या आला. जिवाणूंचा रोग. पानावर तेलकट ठिपका, फळावर काळपट डाग, आणि तो डाग चिरत जाऊन फळ उकलतं. कसमाद्यात आणि सोलापुरात बागाच्या बागा तोडून पेटवल्या गेल्या. याच काळात, २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. तेल्याला अजूनही हमखास औषध नाही. आहे ती शिस्त: रोगमुक्त रोप, स्वच्छ कात्री, रोगट पाला-फळं गोळा करून जाळणं आणि पावसात फळ नसेल असा बहार. जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांतून उडतो आणि गुटी कलमाबरोबर प्रवास करतो. सांगोल्यात तेल्यातून सावरलेल्या कित्येक बागा पुढे खोड पोखरणाऱ्या बारीक भुंगेऱ्यानं आणि मर रोगानं घालवल्या. दोन-तीन वर्षं तिथले लोक डाळिंबाचं नाव काढलं तरी गप्प बसत.

तेल्याच्याच सुमारास डाळिंब उत्तरेला सरकलं. कच्छ, बनासकांठा, बाडमेर. कोरडी हवा, हलकी जमीन, ठिबक. बनासकांठ्यातल्या सरकारी गोळिया गावचे गेनाभाई पटेल, दोन्ही पायांनी अधू, महाराष्ट्रातल्या बागा बघून डाळिंबाकडे वळले, आणि बटाटा-एरंड पिकवणाऱ्या त्यांच्या भागानं त्यांच्यामागून डाळिंब धरलं. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुजरातचं डाळिंब म्हणजे तिकडचं. सुरतेचं कधीच नव्हतं आणि व्यापारी लागवडीचं होणारही नाही, हे मी बमरोलीतल्या कुणाचंही मन न दुखावता सांगू इच्छितो.

पण गावाकडच्या बागेतून गुटी आणणाऱ्यांसाठी यात सूचना आहे. मामाच्या बागेत तेल्या असेल तर पिशवीत तोही येतो, आणि सुरतेचा दमट पावसाळा त्याला बागलाणापेक्षा जास्त मानवतो. रोप घ्यायचं तर मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून, शक्यतो उतीसंवर्धित. मामाकडून फळं आणावीत.

कोणता बहार

आता बमरोलीचं गणित मांडून बघू. आंबे बहार धरला तर फळ जुलै-ऑगस्टात, ऐन पावसात पिकतं. तडकतं, कुजतं, सुरसा अळी पोखरते. मृग धरला तर फुलंच पावसात. उरतो हस्त. पाऊस थांबला की ताण, दिवाळीनंतर पाणी, डिसेंबरात फुलं, आणि सगळी वाढ हिवाळ्यात आणि कोरड्या वसंतात. फळ मेमध्ये, पावसाच्या आधी. तेल्याच्या भागात संशोधक हस्त बहाराचीच शिफारस करतात.

इथे भगवा अडचणीत आणतो. फुलापासून फळाला त्याला सहा महिने लागतात, म्हणजे जून उजाडतो आणि पहिला पाऊस गाठतो. मृदुला आणि आरक्ता साडेचार महिन्यांत तयार होतात, गणेशला पाचेक महिने. त्यांची साल पातळ, म्हणून व्यापाऱ्याला नकोत. अगाशीवरून स्वयंपाकघरात जायला जाड साल लागत नाही.

आबांची फळं आकारानं लहान होती. एक त्यांनी कापलं. दाणा गुलाबी, गोडीला कसमाद्याच्या फळापेक्षा कमी. ते म्हणाले, “बाजारात याला कोण विचारणार नाही.” आणि अर्धं माझ्या हातात दिलं. बमरोलीत डाळिंब झुडूप म्हणून पहिल्या दर्जाचं आहे, फळ म्हणून दुसऱ्या. ज्याला हे मान्य आहे त्यानं जरूर लावावं.

पाऊस थांबला की ताणाचे दिवस येतात. सुरत असो, वसई असो की ठाणं, कुंडीत किंवा ड्रममध्ये तीन वर्षांपुढचं डाळिंब असेल तर तेव्हापासून पाणी बंद करा. दोन-तीन आठवड्यांत पानं पिवळी पडतील, घाबरू नका. खोडाची साल सुरकुतू लागली तर मात्र तिथेच थांबा. उरलेली पानं हातानं काढा, फांद्यांची टोकं बोटभर छाटा, दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर पेंड घाला, पहिलं पाणी बेतानं द्या आणि मग हळूहळू वाढवा. फुलं आली की कलशासारखी कोणती ते ओळखा, मऊ कुंचल्यानं परागकण फिरवा. फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवी बांधा, म्हणजे सुरसा अळीचं फुलपाखरू अंडी घालू शकणार नाही. लहान झाडावर पाच-सहाच फळं ठेवा. त्यानंतर मेपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नका. आठ दिवस कोरडं ठेवून नवव्या दिवशी बादली ओतली की फळ तडकतं, आणि त्या चुकीला औषध नाही.